दहावीच्या पोराला कॉम्प्युटरमधलं नक्की काय यायला हवं?

दहावीच्या मुलाला पायथागोरसचा सिद्धान्त यायला हवा, हे राज्याने ठरवलंय. कॉम्प्युटरमधलं काय यायला हवं? याचं उत्तर शाळेगणिक बदलतं. एकीकडे पायथन शिकवतात, दुसरीकडे पेंटमध्ये झोपडी काढून घेतात, तिसरीकडे लॅबची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते. बहुतेकांच्या 600 गुणांत हा विषय येतच नाही. मग चिंता करतो कोण?

बारावीला बायफोकल घेतलं की मात्र थेट 200 गुण. आमच्या बॅचला त्यात 8085 मायक्रोप्रोसेसर होता, इंटेलने 1976 साली आणलेला. माझं 8085शी भांडण नाही. रजिस्टर म्हणजे काय हे त्याच्यावर चांगलं समजतं. (समजलं तर. आम्ही बहुतेक पाठ केलं.) पण पॉवरपॉइंटवरून असेंब्लीवर उडी? मधली पायरीच कुणी बांधली नव्हती.

त्याच वयात आयसीएसईची मुलं कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हा विषय घेऊन नववी-दहावीत जावा लिहितात. पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तालुक्याच्या मराठी शाळेतला मुलगा त्यांच्याच बाकावर बसतो. प्रोग्रॅमिंग पहिल्यांदाच बघतो, तेही इंग्रजीत. प्लेसमेंटची टेस्ट दोघांना एकच. मग आपण म्हणतो, त्याचं लॉजिक कच्चं आहे.

राज्याने मानक लिहायचं म्हणजे जाडजूड ग्रंथ नकोय. इंग्लंडने 2014मध्ये जुना आयसीटी विषय काढून कम्प्युटिंग आणला. तो अभ्यासक्रम मोजक्या पानांचा आहे आणि त्यात स्वच्छ लिहिलंय: 11 ते 14 वयात किमान दोन प्रोग्रॅमिंग भाषा, त्यातली एक तरी टाइप करून लिहायची. इंग्लंड श्रीमंत आहे म्हणाल, तर केरळ बघा. तिथे सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात आणि दहावीला आयटीची परीक्षा असते, प्रात्यक्षिकासकट.

‘आधी लॅब तर द्या’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. लॅब द्याच. पण हजार पानी शब्दकोशातलं हवं ते पान, दर वेळी निम्मी पानं बाद करत गेलं, तर जास्तीत जास्त 10 वेळा उघडून सापडतं. ही बायनरी सर्च. याला वीज लागत नाही. एसीएम इंडियाचा सीएसपाठशाला हा उपक्रम 2016पासून नेमकं हेच, कॉम्प्युटरशिवाय, शिकवायला सांगतोय.

‘एआय कोड लिहून देईल’ हा आक्षेप मला ऑफिसातल्या लोकांकडून जास्त ऐकू येतो. तो कोड चुकलाय हे कळायला काय लागतं, ते त्यांना रोज दिसतं. आणि स्वतःच्या मुलांना ते कोडिंग क्लास लावतातच.

तेव्हा मागणी साधी आहे. सहावी ते दहावी, दर इयत्तेला मुलाला काय करता आलं पाहिजे ते मराठीत लिहा. ते शिकवणारा शिक्षक नेमा, गणिताच्या सरांच्या गळ्यात घालू नका. आणि गुण 600च्या बेरजेत धरा. बेरजेत नसलेल्या विषयाचा तास जानेवारीत कोण खातं, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.