मोटारीतला संगणक आणि आपले मिस्त्री

1 एप्रिल 2020 पासून नव्या मोटारी बीएस-6 प्रमाणाच्या आल्या. इंजिनात किती इंधन जावे हे संगणक ठरवतो. बरेच दोष स्कॅनर लावल्यावरच कळतात. आपल्या मिस्त्रींचा हात पक्का आहे, पण स्कॅनर नसेल तर यवतमाळचे गिऱ्हाईक नागपूरची वाट धरणारच.

सुरुवात स्कॅनरपासून करावी. मग गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे पडदा, मागचा कॅमेरा, वणीच्या कोळशाच्या ट्रकांना जीपीएस, असा संच जोडून द्यावा. ब्रेक व एअरबॅगच्या तारांना हात लावू नये.

भांडवलासाठी व्याज नको. आम्ही कापडवाल्यांनी मुजारबतीवर पैसा द्यावा: नफा ठरल्या हिश्श्याने, तोटा झाला तर पैसा आमचा गेला, मेहनत त्याची. ताग्यांत अडकलेल्या रकमेतून एका घराची हलाल रोजी उभी राहील, इन्शाअल्लाह.