बदली गगनबावड्याला

कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी नोकरदाराला दम द्यायला साहेबांना फार शब्द लागत नाहीत. ‘चंदगडला जाता की गगनबावड्याला?’ एवढं विचारलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. चंदगडकरांनी आपली बाजू आपण मांडावी, मी आज गगनबावड्याबद्दल लिहितो.

कोल्हापुरापासून हे गाव पंचावन्न किलोमीटर. पुढे करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट कोकणात उतरतात. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस इथला, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं की कोल्हापूरकडची वाट बंद. अशा तालुक्यात बदलून आलेला ग्रामसेवक, गुरुजी, आरोग्यसेविका, वायरमन किंवा एसटीचा वाहक पहिल्याच आठवड्यात दोन प्रश्न विचारतो. राहायला खोली कुठं मिळेल? आणि इथं किती वर्षं काढायची? तिसरा प्रश्न तो मनातच ठेवतो. आपण इथं राबलो तर ते कुणाच्या लक्षात तरी येईल का?

नोकरीतलं समाधान आणि कामाचा दर्जा यांवर जगभर ग्रंथ निघाले आहेत. त्यातलं बरंचसं या तीन प्रश्नांत मावतं.

आधी खोलीचं. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर आहे, पण गळक्या क्वार्टरमध्ये, ओले कपडे चार दिवस वाळत नसताना, लहान मूल घेऊन कोण राहणार? मग कोल्हापुराहून ये-जा सुरू होते आणि माणसाचा निम्मा जीव परतीच्या गाडीत अडकतो. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि हिशेबनिसांशी बोलून १९५९ साली एक निष्कर्ष मांडला. पगार, सोयी, साहेबाची वागणूक या गोष्टी धड नसल्या तर माणूस कुरकुरतो. पण त्या धड केल्या म्हणून तो झपाटून कामाला लागेल असं नाही. हर्झबर्गच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. तरी छप्पर गळायचं थांबलं की तक्रार थांबते, उमेद मात्र वेगळीकडून यावी लागते, हे गगनबावड्यात कुणालाही पटेल.

आता मुदतीचं. राज्यात बदल्यांचा कायदा २००५ सालचा. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठीचं २०२१चं धोरण आणखी नेमकं बोललं. अवघड क्षेत्र ठरवण्याच्या निकषांत डोंगरी भाग, वाहतुकीची गैरसोय, फोनला रेंज नसणं यांच्याबरोबर वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊसही होता. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढली की बदली मागण्याचा हक्क मिळेल, असं त्यात ठरलं. पाऊस हीसुद्धा नोकरीची अट असते, हे सरकारदरबारी मान्य झालं, याचं मला अप्रूप वाटतं. सुटकेचं वर्ष ठाऊक असलं की माणूस त्याआधीची वर्षं मन लावून काढतो. ते ठाऊक नसलं की त्याचे दिवस मुंबईच्या ओळखी शोधण्यात जातात.

खात्रीची किंमत पैशापेक्षा किती जास्त असते, ते एसटीच्या संपात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. गगनबावड्यालाही आगार आहे. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस संप पेटला. २४ नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली. तरीही अनेक कर्मचारी परतले नाहीत आणि अखेर उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२पर्यंत रुजू होण्याची मुदत घालून दिली. मागणी होती एसटीच्या राज्य शासनात विलीनीकरणाची. ती व्यवहार्य होती का, हा वाद वेगळा. पण पगार वेळेवर होईल ना, ही धास्ती ज्याच्या घरात वर्षानुवर्षं राहिली, त्याला वाढीव आकडा पुरेसा वाटला नाही, यात नवल काय?

राहिला मनातला प्रश्न. चालकाचं काम जोखताना लिटरमागे गाडी किती किलोमीटर गेली हे पाहतात. घाट चढणाऱ्या गाडीला सपाटीवरच्या गाडीशेजारी उभं केलं, तर चांगला चालकही कागदावर उणा दिसणार. तेच वाडीवरच्या शाळेचं आणि तेच वीजबिलाच्या वसुलीचं. मोजमापच अन्यायाचं असलं की माणूस जीव ओतायचं सोडतो आणि रकाने भरायला शिकतो.

उलट, छोट्या गावाचं एक बळ असतं. भर पावसात खांबावर चढून वायरमनने लाइट आणली, तर ती कुणी आणली हे अख्ख्या वाडीला माहीत असतं. मुक्कामाच्या गाडीचा चालक-वाहक कोण, हे गावात पोरासोरांनाही ठाऊक असतं. आपलं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याच हातून होणं, त्याचा कुणाला तरी उपयोग झालेला दिसणं आणि त्याची पोच मिळणं, यांतून कामाला अर्थ येतो, असं हॅकमन आणि ओल्डहॅम या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात मांडलं. शहरातल्या कचेरीत फायलीचं पुढे काय झालं हे कारकुनाला कळतही नाही. त्या बाबतीत गगनबावडा श्रीमंत आहे.

मात्र समाधानी माणूस हटकून चांगलं काम करतो, हा गैरसमज नको. शेकडो अभ्यास एकत्र करून २००१ साली जज नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध ०.३०च्या आसपास निघाला. म्हणजे नातं आहे, पण बेताचं. ‘इथं कुणी साहेब फिरकत नाही’ म्हणून खूश असलेले महाभागही असतातच. त्यांच्या समाधानाचा गावाला काडीचा उपयोग नाही.

म्हणून माझा खरा राग आहे तो शिक्षेच्या बदलीवर. कामचुकार म्हणून ज्याला शहरात नको म्हटलं, तो इथल्या मुलांना गुरुजी म्हणून आणि इथल्या बाळंतिणीला आरोग्यसेवक म्हणून का चालावा? कर्मचाऱ्याला दिलेली शिक्षा प्रत्यक्षात तालुका भोगतो. आणि जो स्वतःहून, मनापासून इथं काम करतो, त्याच्याकडेही लोक ‘याने काय केलं असेल?’ अशा नजरेने पाहतात.

बदलीच्या फायलींवर सह्या करणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. क्वार्टरची डागडुजी जूनच्या आत उरका. रुजू होण्याच्या आदेशातच परतीचं वर्ष लिहा. कामाचं मोजमाप घाट आणि पाऊस धरून करा. आणि वचक बसवायचाच असेल तर त्यासाठी शिस्तभंगाचे नियम आहेत, ते वापरा. गगनबावड्याचं नाव वापरू नका.