आपल्या चोपड्या परदेशी ठेवाव्यात काय?

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी जगतात मोठे स्थित्यंतर झाले. कीर्द व खतावणी लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांतून निघून संगणकात गेली, आणि आता संगणकातूनही निघून दूरच्या सर्व्हरवर जाऊ लागली आहे. दिवाळीस आपण वहीपूजन करतो. परंतु खरी वही कोठे आहे असे कोणी विचारल्यास पुष्कळ पेढ्यांच्या मालकांस उत्तर देता येणार नाही. ही वही जर्मनीत, सिंगापुरात अथवा अमेरिकेत ठेवावी, असा सल्ला आपल्या तरुण पिढीस दिला जात आहे. भाडे कमी, जागा मुबलक, आणि 'तेथवर आपल्याकडील कायद्याचा हात पोहोचत नाही' हे तिसरे आमिष. पहिल्या दोन गोष्टींचा निर्णय ज्याचा त्याने हिशेब मांडून करावा. तिसरी गोष्ट मात्र साफ चुकीची आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

भुसार व्यापाऱ्यास यातील तत्त्व समजण्यास वकिलाची आवश्यकता नाही. शेतकऱ्याने आपल्या अडतीवर आणलेला माल आपण दुसऱ्याच्या वखारीत ठेवला, म्हणून आपली जबाबदारी वखारवाल्याकडे जात नाही. माल भिजला तर शेतकरी आपल्याच दारी येईल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या मुळाशी हाच न्याय आहे. लोकांची माहिती जमा करून ती कशासाठी वापरावयाची हे जो ठरवितो, त्यास या कायद्याने दिलेल्या इंग्रजी नावाचा अर्थ 'विश्वस्त' असा होतो. सर्व्हरवाल्याशी करार काहीही असो, कायदापालनाची जबाबदारी विश्वस्ताचीच, असे कलम ८ सांगते. योग्य सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

'हा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी, आपणांस त्याचे काय?' असे पुष्कळांचे म्हणणे असते. कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दाच्या व्याख्येत कंपनीबरोबर भागीदारी पेढी आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्यापैकी बहुतेकांची दुकाने याच दोन प्रकारांत मोडतात. गव्हाचा भाव, पोत्यांची संख्या ही वैयक्तिक माहिती नव्हे. परंतु शेतकऱ्याचे नाव, भ्रमणध्वनी, आधार क्रमांक व बँक खाते ही निश्चितच आहे. कागदी चोपडीतील नावे कागदावरच राहिली तर हा कायदा त्यांस लागत नाही. तीच नावे संगणकात उतरविली की लागतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कर्तव्यांसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. ही मुदत तयारीसाठी आहे, झोपेसाठी नव्हे.

आता परदेशाचा विचार करू. माहिती बाहेर नेण्यास आपल्या कायद्याने सरसकट मनाई केलेली नाही. परंतु अमुक देशात माहिती पाठविण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार कलम १६ ने केंद्र सरकारास दिला आहे. उद्या तसा निर्बंध आला, तर आपली माहिती परत आणण्याची सोय करारात आहे काय, हे आजच पाहिले पाहिजे.

शिवाय परदेशी गेल्याने येथील कायदा सुटत नाही. उलट दुसरा येऊन मिळतो. युरोपीय संघाचा माहितीरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून अमलात आहे. केवळ जर्मनीतील सर्व्हर भाड्याने घेतल्याने आपली पेढी त्या कायद्याखाली जात नाही. मात्र तो सर्व्हर चालविणारा जातो, आणि त्याच्या अटी आपल्या करारात येतात. युरोपातील रहिवाशांस आपण थेट माल विकू लागलो, तर आपणही त्या कायद्याखाली जातो, मग सर्व्हर बेळगावात का असेना! अमेरिकेची तऱ्हा निराळी. तेथील मार्च २०१८ च्या 'क्लाउड' कायद्याप्रमाणे अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील माहिती, ती जगात कोठेही ठेवलेली असली तरी, न्यायालयीन आदेशाने मागविता येते. म्हणून इमारत कोठे आहे एवढेच विचारून भागत नाही. इमारतीचा धनी कोणत्या देशाचा, हेही विचारावे लागते.

हिशेबाच्या वह्यांसाठी आणखी बंधने आहेत. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांनी संगणकीय हिशेबांची प्रत भारतातील सर्व्हरवर ठेवली पाहिजे, आणि ऑगस्ट २०२२ पासून ती दररोज घेतली पाहिजे. जीएसटीच्या नियमांप्रमाणे संगणकीय नोंदींची सुरक्षित प्रत ठेवणे आणि अधिकाऱ्याने मागताच त्या सादर करणे प्राप्त आहे. 'सर्व्हर परदेशी आहे' हे उत्तर तेथे चालणार नाही.

कायदा बाजूस ठेवला तरी व्यवहार उरतोच. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे एका मोठ्या सर्व्हर-केंद्राची इमारत जळून खाक झाली. ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, त्यांपैकी अनेकांची माहिती कायमची गेली. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या तारा तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट मंदावले होते. ऐन हंगामात, बाजार भरलेला असताना, चोपडी उघडत नसेल तर स्वस्त भाड्याचा उपयोग काय?

याचा अर्थ परदेशी सर्व्हर सर्वथा वर्ज्य, असा मी करीत नाही. आखातात वा युरोपात माल पाठविणाऱ्या बंधूंनी आपले जाहिरातीचे संकेतस्थळ ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणे सोयीचे आहे, आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही. परंतु शेतकऱ्यांची, हमालांची, गुमास्त्यांची व खातेदारांची माहिती आणि हिशेबाच्या वह्या स्वदेशातच ठेवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांस बाहेर ठेवणे भागच आहे, त्यांनी सही करण्यापूर्वी पाच गोष्टी लेखी मागाव्यात : (१) माहिती कोणत्या देशात राहील, (२) कंपनी कोणत्या देशाची, (३) माहिती फुटल्यास आपणांस किती तासांत कळविणार, कारण आपल्या नियमांप्रमाणे मंडळास सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावयाचा आहे, (४) करार संपल्यावर माहिती परत देऊन तेथील प्रत नष्ट करणार काय, आणि (५) वाद झाल्यास न्यायालय कोणत्या गावचे. पाचव्या प्रश्नाचे उत्तर सात समुद्रांपलीकडचे आले, तर तो करार आपल्या बळाबाहेरचा समजावा.

आपल्या संघाने या कामी पुढाकार घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. एकेका लहान पेढीस स्वतंत्र कायदेपंडित परवडणार नाही. पण संघाने एक जाणकार नेमून कराराचा एक आदर्श मसुदा मराठीत तयार करविला आणि सभासदांस वाटला, तर खर्च अल्प व लाभ सर्वांस होईल. शेतकरी आपल्या अडतीवर येतो, अंगठा देतो, आधार क्रमांक सांगतो. ती माहिती कोठे जाते हे तो विचारीत नाही, कारण त्याचा आपणांवर भरवसा आहे. पेढीची पत याच भरवशावर उभी असते. थोड्या भाड्याच्या बचतीपायी ती पणास लावू नये, एवढीच विनंती.