गरम पाण्याच्या गावांना आधी पायवाट हवी

इंग्लंडला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी बाथ हे शहर दोन-अडीच तासांत उरकतात. लंडनहून सकाळी सुटणारी सहलीची बस विंडसरचा किल्ला, स्टोनहेंजचे दगड आणि बाथ अशी तिन्ही ठिकाणं एका दिवसात दाखवते आणि रात्री परत आणून सोडते. माझी भाची रीडिंगला राहते. तिने मला येत्या मे महिन्यात बोलावलं, तेव्हा तिच्याही मनात अशीच बस होती. ‘‘मावशी, तुझे गुडघे दुखतात. बसून बसून सगळं बघून होईल,’’ असं तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं, बस नको. रीडिंगहून रेल्वेने तासाभरात बाथ स्पा स्टेशन येतं. तिथे दोन रात्री राहू आणि सगळं पायी बघू. गुडघे दुखतात म्हणूनच पायी.

चिंचणीत शाळेत भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळे बाथची ओढ मला त्या पाण्यामुळे आहे. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडीच्या खडकात खोलवर मुरला, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापला आणि भेगांतून वर आला. आजही तिथे सुमारे 46 अंश सेल्सिअसचं पाणी रोज दहा लाख लिटरहून जास्त उसळतं. रोमन लोकांनी पहिल्या शतकात त्यावर सुलिस मिनर्व्हा देवीचं देऊळ आणि स्नानगृहं उभारली. उत्खननात तिथे शिशाच्या सुमारे 130 पट्ट्या सापडल्या. लोकांनी त्यांवर देवीकडे गाऱ्हाणी कोरली आहेत आणि त्यांतली बरीचशी चोरीची आहेत. अंघोळीला उतरलो आणि काठावरचे कपडे गेले, चोराला शासन कर, असं रोमन काळातला माणूस देवीला विनवतो आहे. हे वाचताना मला त्या माणसाबद्दल फार आपलेपणा वाटला.

पण बाथ हे शहर म्हणून घडलं ते अठराव्या शतकात. रिचर्ड नॅश नावाच्या गृहस्थाने तिथल्या पाहुण्यांच्या दिनक्रमाला शिस्त लावली. सकाळी स्नान, मग पंप रूममध्ये संगीत ऐकत तेच पाणी पिणं आणि त्यानंतर फिरणं. हे फिरणं उपचाराचाच भाग होतं. आजारी माणसं आठवडेच्या आठवडे राहायची, म्हणून त्यांना चालायला रुंद पदपथ लागले, रात्री दिवे लागले, नीट रस्ते लागले. जॉन वूड पितापुत्रांनी तिथल्या मधाच्या रंगाच्या दगडात चौक आणि घरांच्या रांगा बांधल्या. चंद्रकोरीसारख्या वळणात तीस घरं असलेली रॉयल क्रेसेंट 1767 ते 1774 या काळातली. जेन ऑस्टिन 1801 ते 1806 तिथे राहिली, आणि तिच्या कादंबरीतली माणसं मनातलं बोलतात ती तिथल्या ग्रॅव्हल वॉकवर चालता चालताच. युनेस्कोने 1987 मध्ये या अख्ख्या शहराला जागतिक वारशात घेतलं. 2021 मध्ये युरोपातल्या अकरा स्नाननगरांच्या यादीत त्याला पुन्हा मान मिळाला.

म्हणून माझा बेत साधा आहे. स्टेशनपासून चर्चच्या चौकापर्यंत दहा मिनिटंही लागत नाहीत आणि रोमन स्नानगृह त्या चर्चला लागूनच आहे. पुढे एव्हन नदीवर दोन्ही अंगांना दुकानं असलेला पुल्टनी पूल. दुसऱ्या दिवशी सकाळी चढाची वाट, वर रॉयल क्रेसेंटपर्यंत, बसत बसत. शहर टेकड्यांवर आहे, पाऊस केव्हाही येतो, तेव्हा छत्री आणि चांगले बूट हवेत. महापौरांच्या नावाने चालणारं स्वयंसेवी वाटाड्यांचं पथक तिथे 1934 पासून फुकट पायी सहली घडवतं आणि बक्षिसीही घेत नाही. जाणार असाल तर तिथपासूनच सुरुवात करा. आणखी एक. रोमन स्नानगृहात उतरता येत नाही. 1978 मध्ये तिथल्या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गाने एक मुलगी दगावली आणि सार्वजनिक स्नान थांबलं. स्वच्छ पाण्यासाठी नव्याने खोल विंधन घेऊन, नवी इमारत बांधून ते पुन्हा सुरू व्हायला 2006 उजाडलं. नैसर्गिक गरम पाण्यात उतरायचं असेल तर त्या नव्या जागी जावं लागतं आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथे प्रवेश नाही.

आता मी हे सगळं पालघर-ठाण्याच्या वाचकांसाठी का लिहिते आहे? कारण आपल्याकडेही असं गरम पाणी आहे. बाथमध्ये वूडमंडळी पहिले चौक उभारत होती, त्याच सुमारास, 1739 मध्ये, चिमाजी आप्पा वसईच्या किल्ल्यासमोर झुंजत होते. किल्ला हाती आला तर देवीचं मंदिर बांधीन, असा त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि विजयानंतर तो फेडला. मंदागिरीच्या टेकडीवरचं ते तटबंदीचं, किल्ल्यासारखं देऊळ आणि त्याच्या बावन्न पायऱ्या आपण चढतो. दाराशी नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला. खाली तानसा नदी, तिच्याच वरच्या अंगाला बांधलेलं धरण 1892 पासून मुंबईला पाणी पाजतं. आणि या नदीच्या काठी, पात्रात, देवळांच्या अंगणात गरम पाण्याची कुंडं. अकलोलीला रामेश्वराजवळ, गणेशपुरीला भीमेश्वराजवळ. गणेशपुरीत नित्यानंद स्वामींची समाधी आहे. ते 1961 च्या ऑगस्टमध्ये गेले. त्यांच्यामागे त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे परदेशी साधक इथे येऊन महिनोन्‌महिने राहिले.

हे पाणी गंधकामुळे तापतं असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. पावसाचं पाणी काळ्या बसाल्टच्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. ज्वालामुखीचा त्याच्याशी संबंध नाही. अशी झऱ्यांची ओळ कोकणात आमच्या पालघरमधल्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत गेली आहे, जवळपास 18 ठिकाणी. मी वर्गात फळ्यावर ही रेघ काढायचे तेव्हा मुलं चकित व्हायची. एवढ्या जवळ असून त्यातल्या फार थोड्यांनी ते पाणी हाताने अनुभवलेलं असायचं.

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावं एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटरवर आहेत. चालायला याहून सोयीचं अंतर कुठलं? माझी आजी संधिवातासाठी थंडीत वज्रेश्वरीला धर्मशाळेत जाऊन राहायची. पहाटे चालत अकलोलीला, स्नान, परतीच्या वाटेवर देवीचं दर्शन, दुपारी झोप, संध्याकाळी गणेशपुरी. नॅशने बाथला लावलेली शिस्त आणि आजीची शिस्त यांत मला काही फरक दिसत नाही. राहणं, पाण्यात बसणं आणि चालणं या तिन्हींची सांगड दोन्हीकडे होती.

आज आपण काय करतो? पहाटे चिंचणी-बोईसरहून गाडी ठरवतो. देवीच्या पायथ्याशी उतरतो, दर्शन घेऊन पुन्हा गाडीत बसतो, दीड किलोमीटरवर अकलोलीला उतरतो, पाच मिनिटं कुंडात पाय बुडवतो, जेवतो, निघतो. चालावं म्हटलं तर रस्त्याला सलग पदपथ नाही. आमच्या वयाच्या बायकांनी मालवाहू गाड्यांच्या कडेने, धूळ खात, नातवाचा हात घट्ट धरून जायचं. चैत्रात यात्रा भरते, अमावास्येला देवीची मोठी पूजा होते आणि दुसऱ्या दिवशी पालखी निघते, तेव्हा हजारो माणसं पायीच असतात. तरीही रस्त्याचा विचार होतो तो चाकांसाठी.

देवस्थानांच्या आणि पर्यटनाच्या विकासाचं बोलणं निघालं की पहिली मागणी वाहनतळाची होते. माझं म्हणणं याच्या उलट आहे. वाहनतळ गावाबाहेर हवा आणि पहिला खर्च पायवाटेवर व्हायला हवा. बाथमध्येही गाड्या शहराच्या कडेला ठेवून बसने आत यायची सोय तीन बाजूंनी केली आहे. तिन्ही गावांना जोडणारी, शक्य तिथे तानसेच्या काठाने जाणारी, सावलीची वाट करा. दर अर्ध्या किलोमीटरवर बसायला बाक ठेवा. वाटेवर बाया भाज्या, करवंदं, ताडगोळे घेऊन बसतात, त्यांना कायमची जागा द्या. गाडीतून जाणारा त्यांच्यापाशी थांबत नाही, चालणारा थांबतो. गावातला पैसा असा गावात राहतो.

दुसरी मागणी बायकांसाठी. कपडे बदलायला दार लागणारी, दिवा असलेली खोली प्रत्येक कुंडापाशी हवी. ओल्या साडीत आडोसा शोधत फिरणं ही आमच्या पिढीची सवय झाली, आमच्या मुली ते करणार नाहीत आणि त्यांनी ते करूही नये. तिसरी मागणी पाण्याची. दर महिन्याला कुंडाचं पाणी तपासून त्याचा अहवाल मराठीत, कुंडाच्या काठावर फळ्यावर लिहा. किती अंश गरम, अंघोळीला योग्य की नाही, हृदयविकाराच्या माणसाने किती वेळ बसावं, एवढंच पुरे. बाथला एका मुलीचा जीव गेला, त्यानंतर अठ्ठावीस वर्षं शहराला आपल्याच पाण्यात उतरता आलं नाही. तो धडा आपण फुकटात घेऊ शकतो.

बाथ श्रीमंत शहर आहे, आपल्याला ते परवडत नाही, असं कोणी म्हणेल. रॉयल क्रेसेंट परवडत नाही हे खरं. पण चार-पाच किलोमीटरची पायवाट, बाक, खोल्या आणि तपासणीचा फळा याला कुठल्याही एका उड्डाणपुलाच्या कोपऱ्याइतकाही पैसा लागणार नाही. वाटाडे तर इथेच आहेत. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक, अकलोलीची शिकलेली पोरं, वारली पाड्यांतली तरुण मुलं, ज्यांना झाडाचं नाव आणि नदीचा स्वभाव माहीत आहे.

वज्रेश्वरी ठाणे जिल्ह्यात राहिली, पण 2014 मध्ये वेगळा झालेला आमचा पालघर जिल्हाही रिकाम्या हाताचा नाही. मनोरच्या दक्षिणेला सातिवलीचे झरे आहेत, कोकनेरचे आहेत. अहमदाबाद महामार्गावरून रोज हजारो गाड्या त्यांच्या जवळून निघून जातात आणि आतल्या माणसांना त्यांचा पत्ता नसतो. जिल्ह्याच्या पर्यटनाच्या फलकांवर किनारे आणि किल्ले असतात, तिथे या झऱ्यांनाही जागा मिळायला हवी.

येत्या थंडीत जायचं ठरवा. पावसाळ्यात नको, पात्रातली कुंडं पुराखाली जातात. वाणगाव किंवा बोईसरहून डहाणू लोकलने विरार, तिथून शिरसाडमार्गे वज्रेश्वरी. शनिवारी मुक्काम करा, तिन्ही गावं पायी फिरा, वाट कुठे तुटते आणि कुठे धोक्याची आहे ते लिहून काढा आणि ते पत्र ग्रामपंचायतीला आणि आपल्या आमदारांना पाठवा. माझं पत्र तयार आहे. त्याच्यासोबत तुमचीही गेली तर ते टेबलावर पडून राहणार नाही.