जुनी गाडी मोडवत नाही

भिलाई हे लोखंडाचे गाव. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्ग जिल्ह्यातल्या या लहानशा गावाचे बघता बघता शहर झाले. करार झाला तेव्हा हा भाग ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातून येऊन येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. रात्रंदिवस नवे लोखंड तयार होणाऱ्या या गावात जुन्या लोखंडावरची मायाही तेवढीच दांडगी आहे. सुपेल्याच्या किंवा पॉवर हाऊसच्या बाजारात भाजी, सिमेंट, सळया वाहणाऱ्या गाड्यांकडे जरा निरखून पाहावे. नव्या कोऱ्या पिकअपच्या रांगेत एखादी वीस-पंचवीस वर्षांची गाडीही तोऱ्यात उभी असते.

अशी गाडी ज्या घरात आहे, त्या घरात एक वाद हमखास असतो. मुले म्हणतात, "बाबा, आता ही विका. पासिंगला किती खर्च येतो!" वडील म्हणतात, "अजून अर्ध्या चावीत सुरू होते." आई मध्ये पडत नाही. गाडीच्या भाड्यावर मुलांची शिक्षणे झाली हे तिला ठाऊक असते आणि मागच्या महिन्याचे गॅरेजचे बिलही तिनेच पाहिलेले असते.

या गाड्यांचे आपल्या आयुष्याशी किती घट्ट नाते आहे, हे आपल्या भाषेवरूनही कळते. 'टेम्पो' हा शब्द आपण अगदी घरचा असल्यासारखा वापरतो. पण टेम्पो हे मुळात जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील एका कारखान्याच्या गाड्यांचे नाव. त्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनीने १९५८ मध्ये आपल्याकडे तीनचाकी मालवाहू गाडी आणली. १९६९ पासून तिची मॅटाडोर आली. कंपनीचे नाव २००५ मध्ये बदलून फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडी टेम्पो आणि मॅटाडोर कायम राहिले. जीपचेही तसेच. महिंद्रांनी मुंबईत १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि आपल्या खेड्यापाड्यांत तशा बांध्याची प्रत्येक गाडी जीपच ठरली. टाटांची ४०७ आली १९८६ मध्ये आणि टाटामोबाईल हा पिकअप १९८८ मध्ये.

या जुन्या गाड्या टिकल्या कशामुळे? पहिले कारण त्यांच्या बांधणीत आहे. खाली भक्कम चासी, मागे पाटे आणि चासीवर वेगळा बसवलेला हौदा. हौदा कुजला तर नवा बांधता येतो, फाळका तुटला तर वेल्डिंग होते, पाटा मोडला तर नवा घालता येतो. जुन्या डिझेल इंजिनात इंधनाचा पंप आणि नोझल हे सगळे यंत्राच्या जोरावर चालणारे. इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध नाही. मिस्त्री नुसता आवाज ऐकून दोष सांगतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यांचा धूर कितीतरी स्वच्छ असतो यात शंका नाही. मात्र त्यांच्यात सेन्सर आणि संगणक आले. बिघाड शोधायला यंत्र जोडावे लागते. रस्त्याकडेच्या मिस्त्रीचे काम त्यामुळे अवघड झाले आणि जुन्या गाडीचा मान आणखी वाढला.

दुसरे कारण सुट्या भागांचे. १९८० च्या दशकात टोयोटा, निसान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर हलक्या ट्रकच्या धंद्यात उतरल्या. गाड्या उत्तम होत्या. पण डीसीएम टोयोटा आणि ऑल्विन निसान ही नावे काही वर्षांतच बाजारातून गेली. ४०७ मात्र टिकली. जुनी गाडी घेणाऱ्याने यातून एक धडा घ्यावा. गाडी किती चांगली, यापेक्षा तिचा क्लच आणि ब्रेकचे लायनर आपल्या गावात मिळतात का, हे आधी पाहावे.

तिसरे कारण पैशाचे. नव्या गाडीचा हप्ता धंदा चालो न चालो, महिन्याच्या महिन्याला भरावाच लागतो. जुन्या गाडीचे कर्ज केव्हाच फिटलेले असते. पावसाळ्यात काम मंदावले तर ती दारात उभी राहते आणि खायला मागत नाही. छोट्या दुकानदाराला हा दिलासा मोठा असतो.

आणि चौथे कारण कोणत्याही हिशेबात न बसणारे. भिलाईत १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा थाटात होते. मराठी घरात खंडेनवमी आणि दसरा असतोच. म्हणजे या गाड्यांना वर्षातून दोनदा आंघोळ, दोनदा हळदकुंकू आणि दोनदा झेंडूचा हार. ज्या गाडीतून घराच्या विटा आल्या, बहिणीच्या लग्नाचे सामान गेले, ती भंगारवाल्याच्या हवाली करताना हात अडखळणारच.

पण नुसता हार घातल्याने ब्रेक लागत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. जुन्या गाडीवर खरे प्रेम असेल तर ते देखभालीत दिसावे. हौद्याखाली चासीला गंज चढला आहे का, स्टिअरिंगला जास्त खेळ आहे का, ब्रेक ऑइल गळते का, टायर गुळगुळीत झाले आहेत का, हे नियमाने पाहावे. धूर काळा येत असेल तर पंप आणि नोझल तपासून घ्यावे, कारण तो धूर आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जातो.

आणि हौद्यात माणसे बसवू नयेत. मग गाडी नवी असो वा जुनी. २० मे २०२४ रोजी छत्तीसगडमधल्याच कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांचा पिकअप दरीत कोसळला आणि १९ जण मरण पावले. त्यांत बहुतेक बायाच होत्या. मालाची गाडी मालासाठीच असते. लग्नाची घाई असो की शेताची, हा नियम मोडताना आपण कोणाच्या जिवाशी खेळतो आहोत, याचा विचार व्हावा.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. केंद्राच्या स्क्रॅप धोरणानुसार केवळ वय झाले म्हणून गाडी भंगारात जात नाही. तपासणीत ती पुन्हा नापास झाली तर मात्र तिचे आयुष्य संपले असे धरले जाते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या फिटनेसची फी अनेक पटींनी वाढली आहे, तीही हिशेबात धरावी. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यास प्रमाणपत्र मिळते आणि नव्या व्यापारी गाडीच्या रस्ता करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली खासगी गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. अशा गाडीवर धंदा मात्र करता येत नाही.

तेव्हा घरातल्या त्या वादावर तोडगा सोपा आहे. वर्षातून एकदा सर्वांनी मिळून वही घेऊन बसावे. गाडीने किती मिळवून दिले आणि किती खाल्ले, हे लिहावे. मिस्त्रीला तिच्या ब्रेकविषयी आणि चासीविषयी स्पष्ट विचारावे. उत्तर चांगले आले तर मुलांनी वडिलांचे ऐकावे आणि गाडी आनंदाने ठेवावी. वाईट आले तर वडिलांनी मुलांचे ऐकावे. भंगार झालेले लोखंड वाया जात नाही. भट्टीत वितळून ते पुन्हा कोणाच्या तरी घराच्या सळईत उभे राहते. भिलाईकरांना हे वेगळे सांगायला नको.