उंची मोजणारा कायदा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२४ पासून सुमारे पासष्ट वर्षांचे एक बंधन उठवले. मूळ रचनेत फेरफार करून मोटारीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ आणू नये, असे ते बंधन होते. १९५८ सालच्या या नियमाचा रोख मोटारीपेक्षा मोटार चालवणाऱ्यांवर अधिक होता, अशी तेथील मेक्सिकन वंशाच्या समाजाची तक्रार होती आणि ती निराधार म्हणता येणार नाही. युद्धोत्तर काळात या समाजातील तरुण जुन्या गाड्या विकत घेत, त्या खाली उतरवीत, झळझळीत रंगवीत आणि हमरस्त्यावरून अगदी सावकाश मिरवीत. वेगाचे वेड असलेल्या देशात ही संथ मिरवणूक अनेकांच्या डोळ्यांत खुपली.

नियमाचे फळ काय मिळाले? १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला द्रवदाबाची यंत्रणा बसवली. कळ फिरवताच गाडी वर, कळ फिरवताच खाली! पोलीस दिसेपर्यंत बेकायदा असलेली गाडी पोलीस दिसताच कायदेशीर होऊ लागली. जो कायदा केवळ उंची मोजतो, त्याची अशीच फजिती व्हावयाची.

तेव्हा हे बंधन गेले ते योग्यच झाले. परंतु त्याबरोबर प्रश्नही संपला, असे मानणे घातक ठरेल. आज खाली उतरवली जाते ती केवळ जुनी सेडान नव्हे. सात-आठ माणसे वाहणारी, मागे ट्रेलर ओढणारी, अडीच टनांच्या घरातील शेव्हरोले टाहोसारखी एसयूव्हीदेखील घरच्या गॅरेजात जॅकवर चढवून, तयार संच आणून खाली उतरवली जाते.

या हौसेला शास्त्राचा आधारच नाही, असे नाही. गाडी उलटण्याचा धोका डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या प्रमाणावर बराचसा अवलंबून असतो. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा २००१ पासून हेच प्रमाण आधाराला घेऊन वाहनांचे मानांकन करीत आली आहे. गुरुत्वमध्य खाली आला की हे प्रमाण सुधारते. मात्र काम नीट झाले, तरच हा लाभ पदरात पडतो.

काम नीट होणे म्हणजे काय, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २००७ ते २०२० या काळातील टाहोला मागे अखंड आस आणि गुंडाळी स्प्रिंग असत. ती पुढून दोन इंच व मागून चार इंच उतरवण्याची पद्धत आहे. मागे आखूड स्प्रिंग घातल्यावर चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते. शॉक ॲब्सॉर्बर त्या मापाचे नसतील, तर भरलेली गाडी खड्ड्यात रबरी ठोकळ्यांवर आपटते आणि चाकांची पकड सुटू शकते. आसाला आडवे धरून ठेवणाऱ्या दांड्याचा कोन बदलल्याने मागचा आस एका बाजूस सरकतो. पुढील चाकांची जुळणी पुन्हा केली नाही, तर टायर तिरके झिजतात. हे तोटे निदान मालकाच्या पदरी तरी पडतात. दिव्यांचे मात्र तसे नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन इंच अधिक उतरली की गाडीचे नाक सुमारे एक अंश वर उठते, आणि शंभर फुटांवर प्रकाशाचा झोत पूर्वीपेक्षा जवळजवळ दीड फूट वर जातो. तो कोणाच्या डोळ्यांत जातो? समोरून येणाऱ्या, या हौसेशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाच्या!

व्यक्तीच्या स्वातंत्र्याची सीमा नेमकी येथे येते. गाडी कशी दिसावी, हा मालकाचा प्रश्न होय. ती कशी थांबते, कशी वळते आणि तिचे दिवे कोठे पडतात, हा रस्त्यावरील प्रत्येकाचा प्रश्न होय. जर्मनीने हा भेद ओळखला आहे. तेथे आखूड स्प्रिंग बसवण्यास बंदी नाही. परंतु त्या स्प्रिंगची त्या वाहनासाठी तांत्रिक चाचणी झालेली असावी लागते आणि बसवलेले काम सामान्यतः अधिकृत तपासनिसाला दाखवून मान्य करून घ्यावे लागते. मालकाची हौस भागते आणि इतरांची सुरक्षितताही जपली जाते.

कॅलिफोर्नियाने अन्यायाचा अंश असलेले बंधन काढले, हे अर्धे काम झाले. काय तपासू नये, हे ठरवल्यावर काय तपासावे, हेही ठरवावे लागते. रूप पाहून माणसाला अडवणारा शिपाई रस्त्यावरून दूर झाला असेल, तर त्याच्या जागी स्प्रिंग, दांडे, ब्रेक आणि दिवे तपासणारा जाणकार तंत्रज्ञ यावयास हवा.