संसाराचा हिशेब : उभ्या दिव्याची किंमत

अलीकडे या सदराकडे एक प्रश्न निरनिराळ्या घरांतून येतो आहे. मुलीला नोकरी लागली, पहिला पगार हाती आला आणि तिला हॉलच्या कोपऱ्यात ठेवायला उंच दांड्याचा, वर कापडी टोपी असलेला दिवा घ्यायचा आहे. किंमत साडेचार हजार. आई म्हणते, घरात ट्यूब आहे, मग हा थाट कशाला? मुलगी म्हणते, माझ्या कमाईतून एक छान वस्तू घेऊ नको का? घ्यावा की घेऊ नये, ते सांगा.

हा प्रश्न आताच का निघाला, हे समजण्यासारखे आहे. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात आली. जुन्या खोलीत उभा दिवा ठेवायचा विचारच शक्य नव्हता. तिथली जमीन दिवसा स्वयंपाकाला आणि रात्री अंथरुणाला लागायची. आता कोपरा रिकामा दिसतो आणि तो सजवावासा वाटतो. "आपल्यासारख्यांना कशाला असले" हे वाक्य मला तरी मान्य नाही. सुंदर वस्तू कुणा एका वर्गाच्या नावावर लिहून दिलेल्या नाहीत. पण साडेचार हजार म्हणजे बऱ्याच घरांत महिन्याचा किराणा. तेव्हा त्या पैशांत नेमके काय मिळते ते पाहिलेच पाहिजे.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. उजेड दिव्याचा नसतो, बल्बचा असतो. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब आठशे ते नऊशे ल्युमेन उजेड देतो. ल्युमेन हे उजेडाचे माप, बल्बच्या खोक्यावर छापलेले असते. पूर्वीचा साठ वॅटचा पिवळा बल्ब सातशेच्या आसपास द्यायचा. हा नऊ वॅटचा बल्ब शंभर-सव्वाशेला मिळतो, आणि तोच बल्ब पाचशेच्या दिव्यात बसतो, पंधरा हजारांच्या दिव्यातही बसतो. उलट जाड कापडी टोपी त्यातला बराचसा उजेड गिळते. मग वरचे पैसे कसले? दांड्याचे, टोपीचे, बुडाच्या वजनाचे आणि रूपाचे.

रूपाला किंमत नसते असे नाही. इटलीत कास्तिलियोनी या दोघा भावांनी १९६२ साली 'आर्को' नावाचा एक दिवा तयार केला. संगमरवराचा जवळजवळ पासष्ट किलोंचा ठोकळा, त्यातून निघालेली पोलादी कमान आणि कमानीच्या टोकाला दिवा. छताला भोक न पाडता जेवणाच्या टेबलावर वरून उजेड यावा, हा त्यामागचा विचार. ठोकळ्यालाही एक भोक ठेवले आहे, त्यात झाडूचा दांडा घालून दोघांनी तो उचलायचा! आज अस्सल आर्को घ्यायचा तर दोन लाखांच्या वर रुपये लागतात, आणि बाजारात कमानीचे जे स्वस्त दिवे दिसतात ते बहुतेक याच्याच नकला. नकलेत दगड हलका असतो, म्हणून ती लवकर कलंडते. पण मूळ विचार आपल्याही कामाचा आहे. भाड्याच्या घरात मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, तिथे उभा दिवा खरोखर उपयोगी पडतो. घर सोडताना तो उचलून नेता येतो.

आता मुख्य मुद्दा. हे दिवे ज्यांनी आखले ती माणसे खुर्चीत, सोफ्यावर बसून वाचणारी. दिवा पाच फूट उंच, पुस्तक मांडीवर, म्हणजे बल्ब आणि पान यांत दोन-अडीच फूट अंतर. आपली मुले कुठे बसतात? चटईवर, पुढ्यात लहान डेस्क किंवा पाट घेऊन. तिथे हेच अंतर चार फुटांवर जाते. उजेडाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर पानावर पडणारा उजेड निम्मा नव्हे, चौथाई होतो. भिंतीवरून परतणारा थोडा उजेड सोडून द्या. म्हणजे सोफ्यावरच्या वाचकाला जो दिवा भरपूर, तोच दिवा चटईवरच्या मुलाला मिणमिणता. दहावीच्या पोराने तीन तास तसे वाचले की डोळे चुरचुरणार, डोके दुखणार, आणि आपण म्हणणार, मोबाइलमुळे झाले.

अभ्यासाला खरा उपयोगी दिवा वेगळाच आहे. मोटारींच्या स्प्रिंगांचे काम जाणणारा जॉर्ज कार्वर्डीन नावाचा एक इंग्रज इंजिनिअर, त्याने १९३२ च्या सुमारास स्प्रिंगांवर तोललेल्या हाताचा दिवा काढला. ढकलाल तिथे तो थांबतो. त्याचे साधे भाऊबंद, मान वळणारे टेबल लॅम्प किंवा डेस्कच्या कडेला चिमट्याने अडकवायचे दिवे, पाचशे ते हजारात मिळतात. दीड फुटावरून उजेड पडतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर येत नाही. बाप पहाटेच्या पाळीसाठी झोपलेला असताना मुलगी ट्यूब न लावता वाचू शकते. घरात शिकणारे मूल असेल तर आधी हा दिवा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वीज वाचते म्हणून उभा दिवा घ्या, असे कुणी सांगेल. नऊ वॅटचा बल्ब रोज चार तास जळला तर महिन्याला एक युनिटापेक्षा थोडे जास्त. वीस वॅटची एलईडी ट्यूब तेवढाच वेळ जळली तर अडीच युनिटांच्या आत. या फरकातून साडेचार हजार फिटायला जन्म जाईल.

एवढे असूनही मुलीची हौस असेल, घरात अभ्यासाची सोय आधीच झालेली असेल आणि पैसे रोख असतील, तर अवश्य घ्या. हप्त्यावर मात्र नको. 'बिनव्याजी' हप्त्याला पुष्कळदा प्रक्रिया शुल्क असते, आणि दिव्यासाठी सहा महिने बांधून घेण्यात अर्थ नाही. बल्ब बदलता येतो का ते विचारा. काही नव्या दिव्यांत एलईडी आतच बसवलेले असते, ते गेले की बहुधा सगळा दिवा भंगारात. होल्डर आट्यांचा असेल तर आट्यांचाच बल्ब लागेल, आपल्याकडचा पिनांचा चालणार नाही. दांडा लोखंडी असेल तर अर्थिंगची तीन पिनांची वायर बघा. रांगते मूल असेल तर दांडा धरून हलवून पाहा, बूड जड हवे.

आणि दुकानात दिवा लावून दाखवायला सांगा. मग पिशवीतून वर्तमानपत्र काढून दिव्याशेजारी सरळ खाली फरशीवर बसा आणि बारीक अक्षरातली एक जाहिरात वाचून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.